दिव्याखाली अंधार, दिव्यावर चिखल

रविवारी सकाळी एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी पुसण्याचा क्रम बघण्यासारखा असतो. आधी टप. मग पुढची काच, मग बॉनेट, मग दारं, आणि मागच्या काचेवरच्या गणपतीच्या स्टिकरभोवती जरा जपून हात. तोवर बादलीतलं पाणी गढूळ झालेलं असतं, म्हणून त्या पाण्यात चाकं उरकली जातात. चाकं झाली की फडकं झटकता झटकता त्याचाच एक फटकारा हेडलाइटवर. दिवा त्याआधी निदान धुळकट होता. आता त्यावर ब्रेकची काळी पूड आणि टायरचा चिखल एकसारखा पसरलेला असतो.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, हेडलाइटचा नंबर लवकर लागतो. पण तेव्हा लख्ख पुसून झाल्यावर त्यावर हळद-कुंकवाची बोटं उमटतात, आणि वरून सोडलेला झेंडूचा हार अर्धा दिवा झाकून पुढचे आठ दिवस लोंबत राहतो. तो काढायचा नसतो. सुकून आपोआप पडू द्यायचा असतो.

अशा मुलखात कोणी सांगितलं, की काही गाड्यांच्या हेडलाइटला स्वतःचा वायपर असतो, काहींना बंपरमधून बाहेर येणारी पिचकारी असते, त्यासाठी वेगळा पंप असतो, आणि युरोपात काही दिवे तर या सोयीशिवाय गाडीला लावताच येत नाहीत, तर ऐकणारा एकच प्रश्न विचारतो: "कशाला?"

प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर स्वीडनपासून सुरू करावं लागतं.

साब ही मुळात विमानं बनवणारी कंपनी. १९३७ साली ट्रोलहेट्टन या गावात सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींकडे वळली. या कंपनीने १९७० मध्ये आपल्या ‘साब ९९’ या गाडीच्या हेडलाइटना वायपर आणि पाण्याचे फवारे बसवले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ड्रायव्हरच्या सीटमध्ये हीटर घातला. म्हणजे आधी दिवा पुसला आणि मग ड्रायव्हरची बैठक गरम केली. हा क्रम उलटा असता तर ती कंपनी कदाचित आपल्याला जास्त जवळची वाटली असती.

पण तिथली परिस्थितीच तशी. डिसेंबरात स्टॉकहोममध्ये दुपारी तीन वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो. शाळा सुटण्याच्या वेळेला मिट्ट काळोख. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेलं, टायरना घसरू नये म्हणून खिळे ठोकलेले, त्या खिळ्यांनी डांबर खरवडून निघालेलं. मीठ, डांबराची पूड आणि अर्धवट वितळलेला बर्फ यांचा राखाडी लगदा पुढच्या ट्रकच्या चाकांवरून उडतो आणि मागच्या गाडीच्या दिव्यांवर येऊन बसतो. पुढच्या काचेला वायपर असतो, त्यामुळे ड्रायव्हरला काच स्वच्छ दिसते आणि बाहेर अंधार का वाढत चाललाय ते मात्र कळत नाही. यातली खरी गोम हीच आहे. दिवा एकदम विझला तर माणूस थांबतो. दिवा हळूहळू मंद झाला तर त्याला वाटतं, रात्रच जरा जास्त झाली.

शिवाय हेडलाइटचा विचार स्वीडिश लोकांनी आधीच बराच करून ठेवला होता. ३ सप्टेंबर १९६७ रोजी त्या देशाने एका दिवसात वाहतूक रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे नेली. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या गाड्यांच्या डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा वर उचललेला असतो, म्हणजे कडेचा माणूस दिसावा आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत. बाजू बदलली की तोच झोत नेमका समोरच्याच्या तोंडावर. तेव्हा देशातल्या गाड्यांचे दिवेही बदलावे लागले. दिव्यापायी एवढा खटाटोप केलेल्या लोकांनी पुढे सत्तरच्या दशकात दिवे साफ करणारी यंत्रणा सक्तीची केली यात नवल नाही. १९७७ पासून तर त्यांनी भरदिवसाही दिवे लावून गाडी चालवण्याचा नियम केला.

भरदिवसा दिवा! आपल्याकडे दुपारी हेडलाइट लावून निघालेल्या माणसाला गावाच्या वेशीपर्यंत पोचू देत नसत. समोरून येणारा प्रत्येक जण हाताचा पंजा उघड-मीट करून सांगायचा, "लाइट! लाइट!" ओळख ना देख, पण तुमची बॅटरी उतरू नये ही कळकळ अस्सल. १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचे दिवे इंजिनाबरोबर आपोआप लागू लागले आणि या लोकसेवेचा आधारच गेला. तरीही ग्रामीण भागात काही निष्ठावंत ज्येष्ठ अजून पंजा हलवतात, आणि मोटरसायकलवरचा पोरगा "काका, बंदच होत नाही तो!" असं ओरडत पुढे जातो.

साबनंतर व्होल्व्होने हेडलाइटचे वायपर लावले, काही मर्सिडीजना ते आले. काडीएवढे चिमुकले वायपर, मोठ्या वायपरांबरोबर मान हलवणारे. रस्त्यात ते बघून लोक हसत. अमेरिकेने मात्र हसण्यापेक्षा कायद्याचा मार्ग धरला. तिथल्या नियमानुसार हेडलाइटवर वायपर चालतो, पण तो दिव्याच्या काचेवर कुठेही अडकून थांबला तरी प्रकाश नियमात बसेल एवढाच पडला पाहिजे. वायपर बंद पडणार, आणि पडणार तो नेमका मधोमध, हे गृहीत धरून केलेला असा वास्तववादी कायदा विरळाच.

या छोट्या वायपरांचा घात प्लास्टिकने केला. पूर्वी हेडलाइटची काच ही खरोखरची काच होती. जाड, जड आणि चरे न पडणारी. पुढे तिच्या जागी पॉलिकार्बोनेट आलं. हलकं, न फुटणारं, हव्या त्या तिरप्या-वाकड्या आकारात ओतता येणारं. आजच्या गाड्यांचे दिवे रागावलेल्या डोळ्यांसारखे दिसतात ते त्याच्याच कृपेने. पण या प्लास्टिकवर रबराची पट्टी चिखलासकट फिरवली की महिनाभरात ते खरखरीत होतं. मग वायपर गेले आणि जोरदार पाण्याच्या पिचकाऱ्या आल्या. बंपरमधलं एक झाकण उघडतं, नळी सरकन बाहेर येते, फस्सकन पाणी मारते आणि परत आत जाऊन बसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला गाडीने जीभ दाखवल्यासारखं वाटतं.

आता युरोपच्या नियमाकडे. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये झेनॉनचे दिवे आले. साध्या एच-४ हॅलोजन बल्बचा डिपर साधारण १००० ल्यूमेन प्रकाश देतो, एच-७ बल्ब १५००. झेनॉन एकदम ३२००. एवढा प्रकाश स्वच्छ काचेतून गेला तर ठीक. डिपरच्या झोताला वर एक धारदार रेघ असते, रेघेखाली उजेड आणि रेघेवर अंधार. त्या अंधारात समोरच्या ड्रायव्हरचे डोळे असतात. पण काचेवर चिखल बसला की दोन गोष्टी होतात. थोडा प्रकाश चिखलातच अडकतो, ते मालकाचं नुकसान. उरलेला चिखलाच्या कणांवर आपटून वाटेल तिकडे विखुरतो, रेघ पुसट होते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मालकाला कमी दिसतं आणि समोरच्याला काहीच दिसत नाही.

म्हणून युरोपने ठरवलं, की डिपरच्या बल्बचा प्रकाश २००० ल्यूमेनच्या वर असेल तर दिवे साफ करणारी यंत्रणा हवीच, आणि झोताची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणाही. यातली खोच अशी, की मंद दिव्याला ही सक्ती नाही. मिणमिणता दिवा कितीही मळला तरी त्याच्या मालकालाच कमी दिसणार; ते त्याचं तो बघेल. म्हणजे हा सगळा पंप, नळ्या आणि पिचकाऱ्यांचा खर्च गाडीचा मालक करतो तो स्वतःसाठी नाही, समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांसाठी. शोरूममध्ये ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. "साहेब, हे फीचर समोरच्यासाठी आहे" असं म्हणून आजवर कोणी काय विकलंय?

कायदा आला की पळवाट येतेच. काही काळाने २५ वॉटचे झेनॉन बल्ब बाजारात आले. त्यांचा प्रकाश किती? बरोब्बर २०००. नियम म्हणतो, त्याहून जास्त असेल तर पिचकारी लावा. जास्त नाहीच म्हटल्यावर पिचकारी नाही, पंप नाही, पाण्याची मोठी टाकी नाही. कराच्या मर्यादेत बसावं म्हणून आपलं उत्पन्न नेमकं एक रुपयाने अलीकडे थांबवणाऱ्या व्यापाऱ्याला हे इंजिनिअर लोक आपलेच वाटावेत. पुढे एलईडीचे दिवे आले, तेही हिशेबाने त्या रेषेच्या आत ठेवता येऊ लागले, आणि पिचकाऱ्या एकेका गाडीतून कोणाला न सांगता नाहीशा होत गेल्या. गंमत अशी, की एलईडीचा झोत हॅलोजनएवढा गरम नसतो. हॅलोजन बल्बच्या उष्णतेने दिव्यावरचा बर्फ वितळून जायचा. आता तो तसाच बसून राहतो. म्हणजे ज्या थंड मुलखात दिवा पुसायची सर्वांत जास्त गरज, तिथे नवा दिवा स्वतःला पुसून घेण्याच्या बाबतीत जुन्याहून आळशी निघाला.

युरोपची शिस्त बघायची तर त्यांच्या चिखलाची पाककृती बघावी. दिवा मळल्यावर कसा वागतो हे तपासायचं, तर मळवायचा कशाने हे ठरलेलं हवं. म्हणून हेडलाइटच्या नियमात प्रमाणित घाण आहे. ९ भाग सिलिकाची बारीक वाळू, १ भाग बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा कोळसा कुटून, दोन्ही १०० मायक्रोमीटरच्या आतल्या कणांचे. ते चिकटून राहावं म्हणून किंचित सेल्युलोजचा डिंक. काच प्लास्टिकची असेल तर मीठही. आणि हे सगळं कालवायला डिस्टिल्ड वॉटर. चिखल, पण शुद्ध पाण्यातला. दिवे साफ करणाऱ्या यंत्रणेसाठी वेगळा नियम आहे. तिने मळलेल्या दिव्याचा प्रकाश किमान ७० टक्क्यांपर्यंत परत आणायला हवा.

त्या चाचणीतल्या शास्त्रज्ञाला जुलै महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावर आणून उभं करायला हवं. तिथला चिखल तांबडा. पुढच्या डंपरने उडवलेला शिंतोडा दिव्यावर बसतो आणि गरम काचेवर बघता बघता वाळून गेरूसारखा घट्ट होतो. मराठवाड्यात तोच काळ्या मातीचा असतो, चिकट, नखाने काढावा लागणारा. उसाच्या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की त्यात ट्रॉलीतून सांडलेलं पाचट, मळीचा चिकटा आणि ट्रॅक्टरचा धूर. पहिल्या पावसानंतरच्या रात्री वाळवीचे पंखवाले किडे दिव्यावर येऊन आदळतात, त्यांचे पंख गळून काचेला चिकटतात आणि अंगातला रस वाळला की जोरदार पिचकारीलाही दाद देत नाही. वर गाव ओलांडताना शेणाचा एक थर. यात डिस्टिल्ड काहीच नसतं.

मग अशा मुलखात तरी ही यंत्रणा हवी की नको? महागड्या युरोपीय गाड्यांबरोबर ती इथे आली, तिचं काय झालं ते बघता येतं. काही गाड्यांत हेडलाइट लावलेले असताना पुढची काच धुतली की दिवेही धुतले जातात, काहींत दर पाचव्या खेपेला. मालकाला याचा पत्ता नसतो. तो सिग्नलला उभा असताना काचेवरची धूळ घालवायला पाणी मारतो आणि शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंच्या साडीवर बंपरमधून अचानक फवारा येतो. बाई वळून बघतात. गाडीवाला खरोखरच निरपराध चेहऱ्याने समोर बघत असतो, आणि तोच त्याच्या गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

पाण्याची टाकी भराभर रिकामी होते, ही दुसरी तक्रार. दोन लीटर पाण्याची बाटली घेऊन बॉनेट उघडणारा माणूस चौथ्या वेळी गॅरेजवाल्याकडे जातो आणि म्हणतो, "हे बंद करता येतं का?" येतं. एक फ्यूज काढला की झालं. मग बोअरवेलचं पाणी. सोसायटीच्या नळाचं जड पाणी टाकीत भरलं की प्रत्येक फवाऱ्यानंतर दिव्यावर पांढरे ठिपके उरतात. चिखल जातो आणि क्षार बसतात. आणि सर्वांत शेवटी ते झाकण. पिचकारी बाहेर येताना उघडणारं झाकण कुठल्या तरी खड्ड्यात निखळतं आणि बंपरवर एक चौकोनी भोक उरतं. रंग जुळणारं नवं झाकण किती पैशांना पडतं हे ऐकल्यावर मालक त्या भोकाशी जुळवून घेतो.

दुसऱ्या बाजूला कसारा किंवा खंबाटकी घाटाच्या आधी थांबलेला मालट्रक बघावा. ड्रायव्हर चहा मागवतो. क्लीनर खाली उडी मारतो, पाण्याची अर्धी बाटली आधी दोन्ही दिव्यांवर ओततो, चिखल भिजू देतो, टायरवर दोन लाथा घालून हवा तपासतो, मग परत येऊन सीटखालच्या ओल्या फडक्याने दिव्यावर गोल हात फिरवतो. एवढं होईतो चहा आलेला असतो. या पद्धतीत एक बारकी शास्त्रीय गोष्ट आहे, जी सोसायटीतल्या रविवारच्या पुसणाऱ्याला माहीत नसते: आधी पाणी, मग फडकं. कोरड्या फडक्याने वाळलेला चिखल पुसला तर तो सँडपेपरचं काम करतो. जुन्या जाड काचेचं नाही, पण पॉलिकार्बोनेटचं नक्कीच वाटोळं होतं.

आणि खरं वाटोळं तर चिखलाने होतच नाही, उन्हाने होतं. पॉलिकार्बोनेटला सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवण्यासाठी वरून एक लेप दिलेला असतो. तो झिजला की दिवा पिवळा पडू लागतो, मग दुधट, मग मोतीबिंदू झालेला. त्यावर सोन्याची पिचकारी मारली तरी उपयोग नाही. मग घरगुती इलाज सुरू होतात. टूथपेस्ट लावून दिवा घासणारे लोक गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांना फरकही दिसतो, कारण टूथपेस्ट हा एक सौम्य घासपदार्थच आहे. पण वरचा लेपच घासून गेल्यामुळे दिवा पुढच्या उन्हाळ्यात अधिक वेगाने पिवळा पडतो. अँबॅसिडरच्या आणि प्रीमियर पद्मिनीच्या काचेच्या दिव्यांना हा रोग नव्हता. त्यांचा आतला आरसा गंजायचा आणि पावसाळ्यात आत पाणी साचायचं. एखाद्या दिव्यात मासे पाळता आले असते, पण काच शेवटपर्यंत पारदर्शक.

खरं म्हणजे दिवा लख्ख असावा या कल्पनेशी आपलं नातं जरा वेगळंच आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी ब्लॅकआउटसाठी शहरांत गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवले गेले. पुढे शांततेच्या काळातही दिव्यावर काळी टिकली लावायची पद्धत राहिली, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. युरोपने प्रकाश विखरू नये म्हणून काच पुसली, आपण त्याच कारणासाठी काच रंगवली. दोघांच्याही डोक्यात समोरचाच माणूस होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही दिव्याचा झोत खाली वळलेला असावा आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत असं लिहिलेलं आहे. आता ती टिकली गेली आहे. तिच्या जागी बंपरवर आडवी एलईडीची पट्टी आली आहे, मूळच्या हॅलोजनच्या घरात कोंबलेला पांढराफेक बल्ब आला आहे, आणि अप्पर लावूनच गाडी हाकणारे महाभाग आले आहेत. अशा गाडीच्या दिव्यावर थोडा कोकणी चिखल बसला तर त्यात एकंदर समाजाचं भलंच आहे, असं समोरून येणाऱ्या कोणालाही वाटू शकतं. भौतिकशास्त्र मात्र त्याच्या बाजूने नाही. त्या चिखलातून तो झोत आणखीच पसरतो.

वाचणाऱ्याला आता हिशेब हवा असेल, तर तो असा: हेडलाइट धुणारी पिचकारी इथल्या रस्त्यांना लागत नाही. मिठाचा लगदा इथे नाही, दर दहा किलोमीटरला चहाची टपरी आहे, आणि पाण्याची बाटली कोणाच्या गाडीत नसते? फक्त ती वापरायला गाडीतून उतरायचं असतं. काचेला वायपर आहे, आत एसी आहे, गाणी लागलेली आहेत, आणि अमुक वाजता महाबळेश्वरला पोचायचं आहे. साबला हे १९७० मध्येच कळलं होतं: चिखलात, थंडीत, अंधारात माणूस गाडीतून उतरत नाही.

माणूस उतरला नाही तरी आता गाडी त्याला उतरवते. ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या वेमो कंपनीच्या गाड्यांवर रस्ता न्याहाळणारे लेझरचे डोळे असतात आणि त्यातल्या काहींना चिमुकले वायपर आहेत. हेडलाइटवरून गेलेला वायपर यंत्राच्या डोळ्यांवर परत आला. आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ब्रेक स्वतःहून लावणारे कॅमेरे आणि रडार आले आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना पुसायची सोय नाही. मग बोरघाटात धो धो पावसात डॅशबोर्डवर टिंग वाजतं आणि इंग्रजीत अक्षरं उमटतात, की पुढचा सेन्सर झाकला गेला आहे, कृपया साफ करा. मळका हेडलाइट कधीच असं सांगत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. हा सांगतो, आणि पुनःपुन्हा सांगतो. चार-पाच टिंगांनंतर वीस लाखांच्या गाडीचा मालक चिक्कीच्या दुकानासमोर गाडी थांबवतो, छत्री मागच्या सीटवर राहिली म्हणून डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून उतरतो, बंपरसमोर उकिडवा बसतो आणि बायकोला विचारतो, "अगं, तो सेन्सर म्हणजे नेमका यातला कोणता?"